अंगणाला कुलूप?

‘मैदानाला कुलूप घाला, तरच ते नीट राहील,’ असे आमच्या घाटकोपरातले काही सभ्य गृहस्थ सांगतात. नीट, पण कोणासाठी हो? २०१६ साली महापालिकेने मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण मंजूर केले. आपण फाटकाबाहेर राहू, या भयाने लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे ते थांबले!

पंतनगरच्या मैदानाला आचार्य अत्र्यांचे नाव आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून त्यांनी रान उठवले. आज अशा मैदानावर मराठी पोरगा गुजराती पोराच्या चेंडूवर बाद होतो, भांडतो आणि उद्या त्याच्याच संघात खेळतो. हा धडा आम्हा मास्तरांना वर्गात शिकवता येत नाही. चाळीतल्या, झोपडीतल्या पोरांना एवढेच अंगण. त्यालाच कुलूप घातले, तर पणत्या लावायच्या कुठे?