धीर हवा, नजरही हवी

शहाड स्टेशनजवळची सेंच्युरी रेयॉन उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कितीतरी घरांना पगाराची जागा म्हणून ठाऊक आहे. तिच्याकडे एकदा भागधारकाच्या नजरेनेही पाहायला हवे. हा कारखाना ज्या सेंच्युरी टेक्स्टाइल्सने उभारला, ती 1897 सालची कापडगिरणी. पुढे ती रेयॉन, सिमेंट, कागद अशी पसरली. 2019 मध्ये सिमेंटचा धंदा अल्ट्राटेककडे गेला आणि सेंच्युरीच्या दर आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक शेअर हाती आला. रेयॉनचा कारभार त्याआधीच पंधरा वर्षांसाठी ग्रासिमकडे सोपवला होता. 2024 मध्ये कंपनीचे नावच आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झाले. ‘शेअर घ्या आणि विसरून जा’ हा सल्ला किती अपुरा आहे, ते इथे कळते. विसरलेल्याच्या खात्यात आज गिरणीच्या जागी बांधकाम कंपनी आहे आणि ती त्याने कधी निवडलेलीच नाही.

म्हणून दीर्घ पल्ल्याच्या गुंतवणूकदाराला दोन सवयी लागतात, असे माझे ठाम मत आहे: भाव पडला तरी न डगमगणे आणि धंद्यावरची नजर न हटवणे. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास होता; नोव्हेंबर 2010 मध्ये तो पुन्हा 21 हजारांवर गेला. ज्याला मधल्या काळात घराच्या हप्त्यासाठी विकावे लागले, त्याचा तोटा कायमचा झाला. तेव्हा सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवणे ही धीराची पहिली अट. दुसऱ्या सवयीला वर्षातली एक संध्याकाळ पुरते. वार्षिक अहवाल उघडावा, कर्ज वाढले का, नफ्याइतकी रोकड खरोखर येते का हे पाहावे आणि ज्या कारणासाठी शेअर घेतला ते कारण अजून टिकून आहे का, हे स्वतःला विचारावे.

यावर आक्षेप येतो की लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराला एवढी सवड कुठे? आक्षेप रास्त आहे. त्याच्यासाठी इंडेक्स फंडातली मासिक एसआयपी आहे. मागे पडलेल्या कंपन्या काढून नव्या घेण्याचे काम तिथे निर्देशांकाच्या नियमांनीच होते. दुसरा आक्षेप असा की तुटपुंज्या बचतीतून मोठी रक्कम व्हायची तर झटपट सौदेच करायला हवेत. सेबीचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास मात्र सांगतो की तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जण तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्याची बचत थोडी, त्याला ती गमावणे सर्वांत कमी परवडते. त्याने रक्कम लहान ठेवावी, मुदत मोठी ठेवावी आणि पगार वाढेल तशी एसआयपी वाढवावी.