मुशीची बेंबी

ठाकुर्लीच्या बाजारात रविवारी सकाळी एकाच पाटीतल्या माशाला दोन नावं असतात. आगरी-कोळी गिऱ्हाईक मुशी मागतं, सिंधुदुर्गातून येऊन इथे रुळलेलं मालवणी कुटुंब मोरी मागतं. (घाटावरचा माणूस मोरी म्हटल्यावर न्हाणीघराकडे बघतो, ते सोडा.) मासळीवाली मावशी दोघांनाही तोच मासा देते. डोकं उडवलेला, खरखरीत कातडं सोललेला, गुलाबी-पांढऱ्या तुकड्यांचा. मालवणी घरात त्याचं मटणासारखं सांबारं होतं, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून तो मुद्दाम आणणारेही आहेत. हा शार्क आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ताटात त्याला शार्क कुणी म्हणत नाही.

नाव एक असलं तरी पाटीतली जात एक नसते, आणि खरा घोळ तिथेच आहे. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळणारी, फावड्यासारख्या चपट्या नाकाची लहान मुशी जन्मते तेव्हा जेमतेम १२ ते १५ सेंटिमीटरची असते. ३५च्या आसपास ती वयात येते आणि पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. हातोड्याच्या डोक्याची कानमुशी मात्र जन्मतानाच ४०-५० सेंटिमीटरची असते आणि तिची मादी वयात येते ती दोन मीटर ओलांडल्यावर, कित्येक वर्षांनी. तेव्हा पाटीत शेजारी पडलेल्या अर्ध्या मीटरच्या दोन माशांत एक बाळंतपणं उरकलेली आजी असू शकते आणि दुसरं गेल्या आठवड्यात जन्मलेलं लेकरू. डोकं उडालं की दोघींचा भाव एक. कानमुशीच्या एका प्रमुख जातीला जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २०१९ मध्ये नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत टाकलं, पण सोललेल्या तुकड्यावर ते लिहिलेलं नसतं.

मुशीसाठी म्हणून जाळं टाकणारे थोडे. ट्रॉलर कोळंबीमागे जातो, डोल जाळं बोंबील-जवळ्यासाठी लागतं, मुशी आणि पाकट त्यासोबत येतात. जाळ्यात आलं ते आलं, यावर कोळ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र सोबत आलेल्या माशाचा हिशेब कुणाच्याच खात्यावर चढत नाही. कोळंबी घटली की बोंब होते. मुशी घटली तर पाटीत दुसरं काही येतं, इतकंच.

सुरमई लाखांनी अंडी सोडते आणि मोकळी होते. मुशीचं तसं नाही. ती पिल्लं पोटात वाढवते, नाळेने जोडलेली, थेट आपल्यासारखी. पाकट गर्भाशयातच पिल्लांना दुधासारखा स्राव पुरवते, आणि एका खेपेला तिची पिल्लं असतात थोडीच. जाळ्यात ओढली गेली की ती पुष्कळदा धसक्याने दिवस भरायच्या आत पिल्लं टाकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला, तेव्हा चार दिवस सगळीकडे तीच बातमी होती. पुढे तो मासा मेलेला सापडला. मादी होती, गाभण होती. तिच्या जातीच्या माद्या पिल्लं घालायला खाडीचं तोंड गाठतात. ही दुसरी बातमी फारशी कुणी वाचली नाही.

सरकार अगदीच गप्प नाही. २००१ मध्ये शार्क-पाकटांच्या दहा जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं, एप्रिल २०२३ पासून ती यादी वाढली. २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्याला बंदी आली, २०१५ मध्ये परांची निर्यात थांबली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यामुळे देवमाशाएवढे बहिरी शार्क सुटले आहेत. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. पापलेटला १३५ मिलिमीटरची पट्टी लावणं सोपं आहे, कारण पापलेट धक्क्यावर अखंड येतं आणि आंधळ्यालाही ओळखू येतं. बिनडोक्याच्या मुशीला कुठली पट्टी लावणार? वय काढायचं तर अभ्यासकाला तिच्या मणक्याच्या चकतीवरची वलयं मोजावी लागतात, झाडाच्या खोडावरची मोजतात तशी. त्या वलयांना अर्थ येतो तो मासा कुठल्या जातीचा हे ठाऊक असेल तर. मालवणच्या बंदरावर बसून काही अभ्यासकांनी अशा सोबत आलेल्या मुशी-पाकटांची मोजदाद केली आहे. भाऊच्या धक्क्यावर ती रोज, जातवार व्हायला हवी.

परांना लावलेला नियम डोक्यालाही लावावा. मुशी विक्रीच्या पाटीपर्यंत डोक्यासकट यावी, सोलायची ती गिऱ्हाइकासमोर. याला पैसा लागत नाही आणि मावशीचं काही जात नाही. पाकट फळीवर काही काळ तग धरते. तिला जिवंत परत टाकणाऱ्याला भरपाईच्या योजनेत घ्यावं. तिच्या शेपटीच्या काट्याची भीती खरी आहे, पण तो कसा चुकवायचा हे कोळ्याला शिकवावं लागत नाही.

तोवर एक काम ठाकुर्लीकरांच्या हातातलं आहे. या रविवारी मावशीला अख्खी मुशी दाखवायला सांगा आणि उलटी करायला लावा. पोटावर, छातीच्या दोन परांच्या मध्ये, एक बारीक चीर दिसते का बघा. ती नाळेची खूण, मुशीची बेंबी. चीर अजून भरलेली नसेल तर ते नुकतं जन्मलेलं पिल्लू, तो मासा तसाच ठेवा. बोंबील आहेतच.