लाईट-पाणी धरून

पुण्यात पेठेत खोली बघायला गेलं, की भाड्याच्या आकड्यामागोमाग मालक हमखास म्हणतात, "लाईट-पाणी धरून हं!" ऐकून बरं वाटतं. दर महिन्याला बिलाची भानगड नाही, चौघांत भागाकार नाही. माझं मत विचाराल तर असं भाडं चांगलंच. फक्त 'धरून' म्हणजे काय काय धरलंय, ते आधी विचारून घ्यावं.

कारण बघा, महावितरणच्या घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटना कमी, १०१ ते ३०० ला जास्त, पुढे आणखी जास्त. एकाच मीटरवर मालकांचं घर आणि कॉट बेसिसवर राहणारी चार पोरं असली, की शेवटची युनिटं सगळ्यात महाग पडतात. मग मालकांचं लक्ष तुमच्या पंख्याकडे जातं. गीझर सकाळी सहा ते सात, इस्त्री नको, रात्री बारानंतर दिवा दिसला की सकाळी विषय निघतो. मालक वाईट नसतात हो. बिल ते भरतात आणि बटण तुमच्या हाताशी असतं, एवढंच. पण एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला तो दिवा रात्री दोनपर्यंत हवा असतो, त्याचं काय?

म्हणून कितीपर्यंत युनिटं भाड्यात, त्यावर काय दर, गरम पाणी कधी, हे करारात लिहून घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. पण गीझरसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? चार ओळी आधीच लिहिलेल्या बऱ्या.

आता भाड्यात खरोखर धरलेली, पण मालक कधी न बोलणारी गोष्ट. सदाशिव पेठेतून अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, स. प. महाविद्यालय, तुळशीबाग, मंडई, मेस, अभ्यासिका, सगळं पायी. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोही आहे. नऱ्हे-वाघोलीकडे तेवढ्याच पैशांत मोठी खोली मिळते, मान्य. पण मग गाडी आली, पेट्रोल आलं आणि रोजचे तास-दीड तास गेले. भाड्याची तुलना करताना हे कुणी मांडतच नाही. शिवाय ही सोय मालकाची नाहीच, त्यामुळे रागावून ती बंदही करता येत नाही.

ती बंद पाडतोय तो आपणच. फुटपाथवर गाड्या लावून. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा लोक रस्त्याच्या मधोमध आरामात चालत होते. पेठेतला भाडेकरू पायी चालण्याचे पैसे दर महिन्याला मोजतो. त्याला वर्षाचे ३६५ दिवस चालायला जागा मिळावी, ही काही फार मोठी मागणी नाही.