ह्यानं तोडायचं काय?

गेल्या डिसेंबरात आमचे गिर्यारोहण मंडळ राजगडावर गेले होते. आदल्या रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गुंजवणे गावात, एका घराच्या अंगणात होता. पिठले-भाताची तयारी चालली होती. घरच्या मावशींनी सरपण दिले, पण ओंडके जाड निघाले. आमच्यातील एका मित्राने मोठ्या ऐटीत बॅगेतून आपला 'सर्व्हायव्हल नाइफ' काढला. करवतीसारखे दाते असलेले पाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि पोकळ मुठीत काड्या, दोरा व मासे धरण्याचा गळ! त्याने पाते ओंडक्यावर ठेवले आणि वरून दगडाने ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला मूठ एकीकडे व पाते दुसरीकडे झाले, आणि त्या पात्याने त्याचा तळहात उभा चिरला. पिठले तसेच राहिले. रात्री जीप शोधून त्याला दवाखान्यात न्यावे लागले. चार टाके पडले. आम्ही निघत असताना मावशींनी काही न बोलता घरातून कोयता आणला आणि दोन घावांत त्या ओंडक्याच्या ढलप्या केल्या. ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून मंडळात एक वाद सुरू आहे. मंडळाच्या खात्यात आजमितीस सहा हजार रुपये आहेत. त्यातून साडेचार हजारांची परदेशी बनावटीची 'फुल टँग' सुरी घ्यावी, असा प्रस्ताव आला आहे. आणि तो मांडणारा दुसरातिसरा कोणी नसून हात कापून घेतलेला आमचा तो मित्रच आहे. मी मंडळाची खजिनदार. पैसे काढायचे तर माझी सही लागते. म्हणून माझे मत या पानांवर जाहीरपणे मांडत आहे.

प्रथम 'फुल टँग' म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही सुरीचे पाते मुठीशी संपत नाही. त्याचा काही भाग मुठीत शिरलेला असतो. त्याला इंग्रजीत टँग म्हणतात. आपण शेपूट म्हणू. खुरपे किंवा विळा पाहिला तर हे शेपूट निमुळते असते. लोहार ते तापवून लाकडी मुठीत ठोकून बसवतो. फुल टँग सुरीत मात्र पात्याचे पोलाद तेवढ्याच रुंदीने मुठीच्या टोकापर्यंत जाते, आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या फळ्या रिव्हेटने जडवतात. मुठीच्या कडेने पोलादाची रेघ दिसते, ती याची खूण. सुरीचे पाते लाकडात अडकवून वरून ठोकले की सारा ताण मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर येतो. तेथे पोलाद रुंद असले तर ते टिकते. अरुंद असले, आणि त्यातही कोपरा काटकोनात कापलेला असला, तर तेथूनच तडा जातो. तेव्हा माझ्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ठोकाठोकीच्या कामाला फुल टँग सुरी सर्वांत भरवशाची, हे मला मान्य आहे.

परंतु त्या रात्री जे मोडले ते फुल टँग नव्हते म्हणून मोडले काय? मोडलेल्या सुरीचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. तिला शेपूट असे नव्हतेच. पात्याच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा तुकडा होता आणि तो एका स्क्रूने पोकळ नळीत अडकवला होता. १९८२ साली आलेल्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटामुळे पोकळ मुठीच्या सुऱ्यांची जगभर लाट आली. त्यांतील काही कुशल कारागिरांनी काळजीपूर्वक घडवलेल्या होत्या. पण बाजारात ज्या स्वस्त नकला आल्या, त्यांत मुठीतल्या काड्यापेटीचीच काळजी अधिक घेतलेली होती. त्या सुरीने आम्हांला फसवले हे खरे. पण पोकळ मुठीच्या सुरीवर दगड घालणारे आम्हीही शहाणे नव्हतो, हेही तितकेच खरे.

या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे. फिनलंडची 'पुक्को' नावाची सुरी पाहा. तिचे शेपूट अरुंद असून ते लाकडी मुठीत बसवलेले असते. तिकडच्या लोकांनी थंडीच्या देशात, जंगलात राहून, पिढ्यान् पिढ्या तीच कमरेला लावली. स्वीडनमधील मोरा गावच्या सुऱ्या प्रसिद्ध आहेत. त्यांतील 'कंपॅनियन' या साध्या सुरीचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत पोचतही नाही, तरी जगभरचे डोंगरभटके ती वापरतात. त्याच कंपनीने २०१६ साली 'गारबर्ग' ही फुल टँग सुरी काढली. तिची किंमत पहिलीच्या काही पट आहे. पाते मात्र दोघींचेही साधारण सव्वाचार इंचांचे! गारबर्गचे पाते जाड, त्यामुळे ती दणके सोसते. पण कांदा चिरायचा तर पातळ पात्याची धाकटी बहीणच बरी. नेपाळी खुकरी तर अरुंद शेपटाची आणि फुल टँग अशा दोन्ही प्रकारची मिळते. तेव्हा फुल टँग नाही म्हणजे सुरी कुचकामी, हे समीकरण चुकीचे आहे. शेपूट प्रामाणिकपणे बसवले आहे की नाही, हा खरा प्रश्न.

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून 'एक कोयता' अशी नोंद असते. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. ज्या घरात माणसांची मोजणीच हत्याराने होते, त्या घरातील मुलीने हत्याराविषयी घरी विचारले नाही तर विचारायचे कोठे? मी आबांना फोनवर त्या सुरीचा फोटो दाखवला आणि किंमत सांगितली. त्यांनी बराच वेळ पाहिले. ते किमतीला हसले नाहीत, की परदेशी म्हणून त्यांनी नाव ठेवले नाही. एवढेच म्हणाले, "पोलाद चांगलं दिसतंय. पण बाई, ह्यानं तोडायचं काय?"

आबा हत्यारात काटकसर करणारे नव्हेत. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद असल्याशिवाय ते कोयता घेत नाहीत. लोहाराकडे समोर बसून घडवून घेतात, पाणी नीट दिले की नाही ते कानस लावून पाहतात. दोन पैसे अधिक पडले तरी चालतात. कारण हंगामात पहाटेपासून तो हातात असतो, आणि बोथट कोयत्याने दिवसाकाठी मोळ्या कमी भरतात. त्यांच्या कोयत्यालाही शेपूट अरुंदच आहे. मूठ ढिली झाली तर ते स्वतः बाभळीची नवी बसवतात. ज्याचे पोट हत्यारावर आहे त्याने महाग हत्यार घेणे ही उधळपट्टी नव्हे. आमचे पोट मात्र मेसच्या डब्यावर आहे.

मग आम्हांला तोडायचे तरी काय असते? मी गेल्या दोन वर्षांतील सात मोहिमांची यादी आठवून पाहिली. कांदे, टोमॅटो, काकड्या, सुतळी, दोरीची टोके, मसाल्याच्या पुड्या, आणि एकदा पट्टी बांधण्यासाठी ओढणी. ओंडका एकदाच, आणि त्याची कथा वर सांगितलीच आहे. तोही मावशींना कोयता मागितला असता तर प्रश्न नव्हता. पण मागायची आम्हांला लाज वाटली. खरे सांगायचे तर इतरांपेक्षा मला अधिक वाटली. कोयता म्हणजे घरचे, मागे ठेवून आलेले. चकचकीत सुरी म्हणजे कॉलेजातले, असे काहीसे माझ्या मनात होते. ते मी आता काढून टाकले आहे.

आणखी एक मुद्दा. आमची पुढची मोहीम हरिश्चंद्रगडाची आहे. तो परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्राची जी व्याख्या केली आहे, तीत सुऱ्यांचाही उल्लेख आहे; आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास तो कायदा मनाई करतो. तेथील झाडे तोडण्यासही मनाई आहे. म्हणजे ज्या कामासाठी साडेचार हजार मोजायचे, ते काम तेथे करायचेच नाही. डोंगरात गेलेल्या पाहुण्याने झाडाला हात लावू नये, हे कायदा नसता तरी आपल्याला कळायला हवे.

"चांगली वस्तू एकदाच घ्यावी, ती जन्मभर पुरते," असे माझा मित्र म्हणतो. हे तत्त्व मला पटते. स्वस्त वस्तू तीनदा घेणाराच शेवटी महागात पडतो. परंतु आपल्याकडे म्हणतात ना, सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही. त्या रात्री आमच्याकडे सुरी नव्हती म्हणून हाल झाले नाहीत. आमच्या प्रथमोपचार पेटीत एक कापसाचा बोळा आणि मुदत संपलेले मलम होते. मित्राचा हात आम्ही ओढणीने बांधला आणि जीप मिळेपर्यंत तो नुसता दाबून धरला. त्याच्या जखमेची खरी भरपाई करायची, तर ती या पेटीपासून करावी लागेल.

म्हणून माझी सूचना अशी : पाचशे-सहाशे रुपयांची, शेपूट पक्के बसवलेली, न गंजणाऱ्या पोलादाची साधी सुरी म्यानासह घ्यावी, आणि तिच्याबरोबर एक धार लावण्याचा दगड. उरलेल्या पैशांतून प्रथमोपचाराची पुरी पेटी व चांगला दोर घ्यावा. अभयारण्यात जाताना सुरी कॉलेजातच ठेवावी आणि कांदे घरूनच चिरून न्यावेत. ज्याला स्वतःच्या कमाईतून फुल टँग सुरी घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. ती चीज चांगलीच आहे. पण तिच्या पाठीवर दगड घालू नये.

सभा येत्या शनिवारी आहे. बहुमताने ठराव उलट झाला, तर मी सही करीन. मात्र त्याआधी प्रस्ताव मांडणाऱ्याला आबांचा प्रश्न मी विचारणार आहे. त्याचे उत्तर यादी करून दिले पाहिजे.