चिरी आहे, मिरी नाही

रविवारी सकाळी कपाट उघडलं आणि वास आला. पावसाळ्यात ठाण्यातलं कुठलंही कपाट उघडलं की वास येतोच, पण हा वेगळा होता. चामड्याच्या डबीवर पांढरी लव चढली होती. डबी उघडून लेन्स बाहेर काढली, खिडकीकडे धरली आणि आत बघितलं. काचेच्या कडेला कोळ्याने विणल्यासारखे दोन बारीक धागे. फंगस.

या कपाटाबद्दल पूर्वी लिहिलं तेव्हा एका वाचकाने त्याचा फोटो मागवला होता. तो मी पाठवला नाही, त्याचं कारण आता कळलं असेल.

"काय झालं?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जपानची लेन्स."

"तरी मी म्हणत होते."

ही नेमकं काय म्हणत होती ते मला आठवत नाही. पण ही म्हणत होती, एवढं नक्की.

तर ती लेन्स. आमची मुलगी आणि जावई टोकियोत निशि-कासाई भागात राहतात. तिथे आपली माणसं इतकी आहेत की आम्ही गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी खालच्या बागेत तिघांनी मला मराठीत "कधी आलात?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी ही आणि जावईबापू फुजी पर्वत बघायला गेले. मी गुडघ्याचं कारण काढून मागे राहिलो आणि मुलीला घेऊन नाकानोला गेलो. शिंजुकूहून चुओ मार्गाची जलद गाडी पकडली की पुढचंच स्टेशन. स्टेशनातून निघालं की छप्पर असलेला लांब बाजार, त्याच्या टोकाला 1966 साली बांधलेली ब्रॉडवे नावाची इमारत. तिच्यात खेळणी, कॉमिक्स, घड्याळं, आणि आसपासच्या गल्ल्यांत जुने कॅमेरे. (गुडघ्याने दिवसभरात एकदाही तक्रार केली नाही, हे हिला अजून माहीत नाही. आता कळेल.)

ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांनी हा एवढा परिच्छेद कापून ठेवावा. पासपोर्ट जवळ ठेवा, त्याचा फोटो चालत नाही. जपानात बहुतेक वस्तूंवर 10 टक्के उपभोग कर आहे. परदेशी पाहुण्याने किमान 5,000 येनांची खरेदी केली की करमुक्त दुकानात तो माफ होतो. आम्ही गेलो तेव्हा गल्ल्यावरच वजा व्हायचा. नोव्हेंबर 2026 पासून मात्र आधी भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा, असं ठरलं आहे. कॅमेरा घेत असाल तर पैसे देण्याआधी चालू करून भाषांची यादी बघा. तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत जपानीशिवाय दुसरी भाषाच नसते. लेन्सला भाषा नसते, पण ती आपल्या कॅमेऱ्याला बसते का हे बघायला आपला कॅमेरा बरोबर न्यावा. दुकानाची हमी दुकानापुरती असते. ठाण्यात तिचा उपयोग पुस्तकातली खूण म्हणून. पावती हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं तर सामान उपसावं लागत नाही. आणि जाताना आपला महागडा कॅमेरा नेत असाल तर त्याचं निर्यात प्रमाणपत्र आधीच करून घ्या, म्हणजे परत येताना तो आपलाच आहे हे शपथेवर सांगण्याची वेळ येत नाही.

संपली माहिती. आता मुद्द्याचं.

काचेच्या कपाटात निकॉनची 105 मिलिमीटर, एफ 2.5 लेन्स होती. ऐंशीच्या दशकातली, पूर्ण धातूची, हाताने फोकस करायची. स्टीव्ह मॅककरीने 1984 साली हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो याच जातीच्या लेन्सने. मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गॅलरीतल्या कुंड्यांचे फोटो काढता." निकॉनने आपल्या आरशाच्या (एसएलआर) कॅमेऱ्यांवर लेन्स बसवायची ही खाच 1959 पासून बदललेली नाही, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर टक्कन बसली. आमच्याकडे गेल्या वर्षीचा चार्जर या वर्षीच्या फोनला लागत नाही.

पण मला खरं वेड लावलं ते लेन्सला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीने. मुलगी वाचून दाखवू लागली. "काबी, नाही. काबी म्हणजे बुरशी. कुमोरी, नाही. म्हणजे काच धूसर झालेली नाही. चिरी, थोडी आहे."

"चिरी? आणि मिरी?"

"बाबा, चिरी म्हणजे धूळ. आतमध्ये धुळीचे कण."

म्हणजे दुकानदाराने आपल्या मालातली खोट स्वतःच शोधून, स्वतःच्या अक्षरात लिहून, स्वतःच्याच मालाला बांधली होती. वर किंमत, 22,000 येन. पासपोर्टवर 20,000, म्हणजे आपले साधारण अकरा हजार. दुकानदाराने मखमलीचं तबक पुढे केलं, त्यावर लेन्स ठेवली, छोटी बॅटरी लावली आणि मला आतला धुळीचा कण दाखवला. मला दिसेना. त्याने कोन बदलला. तरी दिसेना. तो दिसेपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

मी ठाण्याचा माणूस. मुलीला म्हटलं, "विचार ना, काही कमी-जास्त?"

"इथे असं विचारत नाहीत."

"विचारायला काय जातंय?"

"माझी इज्जत."

आमची कुजबुज दुकानदाराला कळली नाही, पण माझा चेहरा कळला. धूळ मला खटकली असावी असं समजून तो वाकून आत गेला आणि तीच दुसरी लेन्स घेऊन आला. हिच्यात कण नाही. किंमत 28,600. घासाघीस करून भाव वाढवून घेतलेला मी पहिलाच ठाणेकर असेन. मी घाईघाईने चिरीवाली उचलली.

निघताना दाराशी एक टोपलं दिसलं. पाचशे-हजार येनांत काहीही उचला. त्यातल्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं: चालतं की नाही, तपासलेलं नाही, परत घेणार नाही.

तेव्हापासून मला आपल्याकडच्या जाहिराती वाचवत नाहीत. आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरने वापरलेली असते. एवढ्या गाड्या विकल्यावर डॉक्टर दवाखान्यात जातात कशाने? स्कूटर असेल तर बाईमाणसाच्या हातातली, तीही फक्त मुलांना शाळेत सोडायला. फ्लॅट स्टेशनपासून 5 मिनिटांवर. मिनिटं कोणाची, ते लिहीत नाहीत. आणि लग्नाच्या जाहिरातींबद्दल तर काय बोलावं. नाकीडोळी नीटस, निर्व्यसनी, मनमिळाऊ. एकाही स्थळाला आजवर चिरी असल्याचं वाचनात नाही.

हे मी परवा जेवताना बोललो. ही म्हणाली, "खरंय. तुमच्या आत्याबाईंनी पोहे खाता खाता सांगितलं होतं, मुलगा वस्तू नीट ठेवतो."

"ठेवतोच."

"कपाटात ठेवता. नीट असं त्या म्हणाल्या होत्या." मग वाटीतली आमटी संपेपर्यंत हिने माझी चिठ्ठी तयार केली. "बाहेरून वापराच्या खुणा. कुमोरी, सकाळचा चहा होईपर्यंत. आवाज, चालू. ऐकू येतं का, तपासलेलं नाही."

"आणि परत घेणार नाही," मी म्हटलं.

"कोणाला विचारायची सोयच नव्हती," ही म्हणाली आणि ताट उचललं.

असो. लेन्स. फोर्टातल्या बोरा बाजारात एक जुना कारागीर आहे. त्याने ती उजेडाकडे फिरवली आणि मलाच विचारलं, "चामड्याच्या डबीत ठेवली होती?" मी हो म्हणालो. त्याने डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली. चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स कोरडी हवा राखणाऱ्या पेटीत ठेवायची, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी संपली. धागे पुसून निघतील, म्हणाला, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग जन्माचा. "आणि बाकीच्या लेन्सांपासून लांब ठेवा." टोकियोच्या त्या माणसाने काबी नाही असं लिहून दिलं होतं. ती मी घातली. ठाण्याच्या दोन पावसाळ्यांत.

ही म्हणाली, एक तर ही लेन्स जाईल, नाहीतर ते कपाट. म्हणून मी विकायला काढली. जाहिरात लिहायला बसलो आणि हाताने आपोआप लिहिलं: "निवृत्त गृहस्थांनी हौसेपुरती वापरलेली, चकाचक, थेट जपानहून." वाचून बघितलं. त्यातला एकही शब्द खोटा म्हणता येणार नव्हता, चकाचक सोडून. डॉक्टरची गाडी विकायला निघाली होती.

मग सगळं खोडून जपानी चिठ्ठी लिहिली. काबी: आहे, कडेला, दोन धागे. लेप: कारागिराने उघडलेली नाही, त्यामुळे माहीत नाही. चिरी: आहे, टोकियोपासूनची. मिरी: नाही. कारण: मालकाने चामड्याच्या डबीत ठेवली.

जाहिरात चार दिवस आहे. काल एकच फोन आला. तरुण मुलगा होता, अदबीने बोलत होता. सगळं वाचलं म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "काका, एवढं सगळं उघड लिहिलंय... मग लपवलंय काय?"

मी खरं तेच सांगितलं. "कपाट."