हमी कर्जाला, मग शुल्काला का नाही?

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पंतप्रधान विद्यालक्ष्मी’ योजनेस मान्यता दिली. निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला तारण व जामीनदाराविना कर्ज मिळावे आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास शासनाने ७५ टक्के पतहमी द्यावी, अशी ही योजना आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील एक लाख विद्यार्थ्यांना दरवर्षी तीन टक्के व्याजसवलतही मिळते. मुलाच्या शिक्षणासाठी राहते घर गहाण टाकण्याची वेळ सामान्य गृहस्थावर येऊ नये, हा हेतू निःसंशय स्तुत्य आहे.

प्रश्न पुढचा आहे. कर्ज बुडाल्यास बँकेला हमी आहे. पण उद्या संस्थेने शुल्क वाढविल्यास विद्यार्थ्याला कोणती हमी आहे?

२०१६मध्ये आयआयटीचे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून एकदम दोन लाखांवर गेले. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व अत्यल्प उत्पन्न गटाला पूर्ण माफी आणि पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दोनतृतीयांश माफी मिळाली, ते न्याय्यच झाले. त्या रेषेच्या किंचित वर असलेल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या घराने मात्र बँकेचा रस्ता धरला.

हा रस्ता किती महाग पडतो? चार वर्षे दरसाल अडीच लाख रुपये उचलले आणि दहा टक्के सरळ व्याज धरले, तर शिक्षणानंतरचे सवलतीचे वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पहिल्या हप्त्याआधीच, साडेतीन लाख रुपये व्याज साचते. तीन टक्क्यांच्या सवलतीने त्यातील जेमतेम लाखभर सुटतात. एकेकाळी वारावर जेवून, माधुकरी मागून मुले शिकली. त्यांच्यावर समाजाचे ऋण होते, पण त्या ऋणाला चढते व्याज नव्हते.

अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७मध्येच इशारा दिला होता की, सरकारी साहाय्य वाढले की महाविद्यालये निर्धास्तपणे शुल्क वाढवितात. हा परिणाम नेमका किती, यावर अर्थतज्ज्ञांत आजही वाद आहे. मात्र तेथील शैक्षणिक कर्जाचा डोंगर १.६ लाख कोटी डॉलरांपलीकडे गेला आहे, याविषयी वाद नाही.

महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्कनियमनासाठी २०१५चा कायदा आहे. म्हणजे शुल्काला वेसण घालणे शासनाला अशक्य नाही. विद्यालक्ष्मीच्या यादीतील प्रत्येक संस्थेकडून केंद्राने एवढेच लिहून घ्यावे: प्रवेशाच्या दिवशी संपूर्ण अभ्यासक्रमाचे जे शुल्क जाहीर झाले, ते त्या तुकडीसाठी अखेरपर्यंत बदलणार नाही. जी संस्था हे लिहून देणार नाही, तिच्या शुल्कासाठी जनतेच्या पैशातून पतहमी का द्यावी?