फेसाळ मद्याचा पोकळ अभिमान

इंग्लंडांतील फेसाळ द्राक्षमद्याचे स्तुतिपाठक सांगतात कीं, शँपेनची युक्ति मूळची इंग्रजांचीच. पुरावा म्हणून ते क्रिस्टोफर मेरेट यांचा १६६२ चा निबंध पुढें करतात. निबंध खरा आहे; परंतु त्यावर उभारलेला अभिमान आम्हांस पोकळ वाटतो. मेरेट यांनीं नोंदविली ती तयार मद्यांत साखर घालण्याची रीत. इंग्लंडांतील द्राक्षमळ्यांशीं तिचा संबंध काय? ससेक्समधील प्रसिद्ध नायटिंबर मळ्यांत शँपेनच्या जातींचे वेल लागले ते १९८८ सालीं, तेही एका अमेरिकन दांपत्याच्या हातून. इंग्लंडची खरी देणगी म्हणजे फेसाचा दाब सोसणारी भक्कम बाटली. १६१५ सालीं कांचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई झाली आणि कोळशाच्या प्रखर आंचेवर ती घडली. पुढें त्याच कोळशाच्या धुरानें पृथ्वी तापली, आणि त्या उष्म्यामुळेंच ससेक्सचीं द्राक्षें आज अधिक भरंवशानें पिकतात. मद्य उत्तम असेल तर त्याची स्तुति खुशाल करावी. मात्र ऊब हा कोणाचा पराक्रम नव्हे. तिचें मोल उन्हानें होरपळणारे देश भरीत आहेत, हें प्याला उंचावतांना विसरूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.